दहा वेळा, जमेल तेवढं भरभर

कंपवातावरच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, औषधचाचणीत अनेकदा तपासणीआधी निदान १२ तास लेव्होडोपाची, म्हणजे रोजच्या औषधाची, गोळी घेऊ देत नाहीत. गोळीचा असर उतरल्याशिवाय मूळ आजार किती आहे ते कळत नाही. पुण्यात अशी एक तपासणी जवळून पाहिली. सकाळी आलेल्या काकांना सदऱ्याचं बटणही लावता येत नव्हतं. ते काकूंनी लावलं.

"काका, अंगठ्यावर तर्जनी टेकवायची आणि उघडायची. दहा वेळा. जमेल तेवढी मोठी, जमेल तेवढं भरभर."

सुरुवातीला बोटं नीट उघडली. निम्म्यावर आल्यावर उघडझाप आखडत गेली, दोनदा अडकली. शेवटी बोटं जेमतेम विलग होत होती. डॉक्टरांनी २ गुण लिहिले. ० म्हणजे व्यवस्थित, ४ म्हणजे जमतच नाही. मग मूठ, टाच, खुर्चीतून उठणं, चालणं. शेवटी डॉक्टर मागे उभे राहिले आणि आधी सांगून खांदे झटक्यात मागे ओढले. काका चार पावलं मागे जाऊन सावरले. ती पावलंही मोजली गेली.

काकांना खरं औषध मिळतंय की नुसती तशीच दिसणारी गोळी, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, काकांनाही नाही. या आजारात हे पथ्य पाळावंच लागतं. औषध मिळेल या नुसत्या अपेक्षेनेही रुग्णाच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, स्रवतं, हे व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. बरं वाटतं ते खरंच असतं, पण श्रेय औषधाचं असेलच असं नाही.

मला मात्र या गुणांपेक्षा घरची वही मोलाची वाटते. दर अर्ध्या तासाला त्यात खूण करायची: झोप, 'ऑफ' (गोळीचा असर उतरलेला), 'ऑन' (असर चालू), किंवा 'ऑन' पण अंगाच्या नको त्या हालचालींसह. दवाखान्यात आजार थोडा वेळ दिसतो, घरी तो दिवसभर चढतो-उतरतो. काकूंनी हळूच विचारलं, "दुपारी रोज ऑफच असतात हे. खरं लिहिलं तर काढून टाकणार नाही ना?" नोंदी ठेवणारी मुलगी म्हणाली, "काकू, आम्हाला तेच तर हवंय."

तुमच्या घरी कुणाला अशा चाचणीसाठी विचारलं, तर संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. भारतात २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. चाचणी मध्येच सोडण्याचा हक्कही तुमचाच आहे आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.