कामगाराला विचारायचे कसे?

श्रोतेहो, समजा, एखाद्या सूतगिरणीत कुणी साहेब आले आणि मालकादेखत कामगाराला विचारू लागले, "काय बाबा, काम कसं चाललंय?" तो बिचारा काय सांगणार? "बरं चाललंय, साहेब." साहेब वहीत लिहून घेणार, 'कामगार समाधानी.' असल्या पाहणीला काय अर्थ?

युरोपात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झाला. तेथील देशांच्या समुदायाने १९७५ साली राहणीमान व कामाची परिस्थिती यांचा अभ्यास करणारी एक संस्था काढली. तिचे ठाणे आयर्लंडमधील डब्लिन शहरी आहे. कामगारांची पहिली पाहणी तिने १९९०-९१ मध्ये बारा देशांत केली. २०१५ च्या पाहणीत देश झाले ३५, आणि मुलाखती सुमारे ४४,०००.

आता कुणी म्हणेल, कोट्यवधी कामगारांतून एवढेसेच? पण शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरी रोजच होते की! मात्र शीत वरचेच घेतले, तर तळाचा भात करपलेला कळत नाही. म्हणून ही माणसे कारखान्याच्या यादीतून घेत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरे निवडतात, आणि त्या घरातला एक कामकरी माणूस. आठवड्यात तासभर जरी मोबदल्यासाठी काम केले असेल, तरी तो पाहणीत बसतो. मग तो गिरणीतला असो, शेतावरचा असो, की स्वतःचे दुकान चालवणारा. २०१५ साली या मुलाखती बहुतेक कामगारांच्या घरीच झाल्या. घरी मुकादम नसतो, जीभ मोकळी होते. २०२१ साली साथीमुळे पाहणी टेलिफोनवरून करावी लागली.

प्रश्नही बेताने घडवलेले असतात. "काम जड आहे का?" असे विचारले तर पैलवान नाही म्हणेल, किडकिडीत माणूस हो म्हणेल. म्हणून २०१५ साली विचारले, "जड ओझे उचलण्यात कामाचा किती वेळ जातो? सगळा, निम्मा, पाव, की मुळीच नाही?" "गोंगाट होतो का?" असेही विचारले नाही. शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागेल इतका गोंगाट किती वेळ असतो, असे विचारले. प्रत्येक भाषेत दोन जण वेगवेगळे भाषांतर करतात आणि मग ती ताडून पाहतात. प्रश्नाचा अर्थ सगळीकडे एकच राहिला, तरच देशादेशांची तुलना करता येते.

तुलनेतून काय दिसते? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि ही डब्लिनची संस्था यांनी २०१९ साली ४१ देशांचा एक अहवाल मिळून काढला. युरोपीय संघात साधारण सहा कामगारांत एक जण आठवड्याला ४८ तासांहून अधिक राबत होता. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान व चिली येथे असे कामगार जवळजवळ निम्मे किंवा त्याहूनही जास्त निघाले. त्या ४१ देशांत भारत नव्हता. आपल्याकडील ऊसतोड किंवा बांधकाम करणाऱ्या मजुराचे तास त्या तुलनेत आलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अशा पाहणीत प्रश्न विचारतात तो आज कामावर असलेल्याला. ओझी उचलून ज्याची कंबर गेली आणि जो घरी बसला, त्याला कोण विचारणार? तो यादीतून गळतो, म्हणून काम आहे त्याहून बरे दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वरच्या वर्गातील मुलांकडून हा प्रयोग करून पाहा. मुलांनी घरच्या माणसांना विचारावे, "काल किती तास काम केलं? त्यातला किती वेळ वाकून?" आईलाही विचारावे. आणि काम सोडून घरी बसलेले आजोबा असतील, तर त्यांनी ते का सोडले, हेही वहीत लिहून घ्यावे. नावे मात्र लिहू नयेत, म्हणजे माणसे खरे सांगतील.