सेरथार : याकांच्या कुरणात उभे राहिलेले भिक्खुणींचे विद्यापीठ

तिबेट म्हटले की आपल्याला ल्हासा आठवते. पण तिबेटी समाज चीनच्या सिचुआन प्रांताच्या पश्चिम भागातही पिढ्यान्‌पिढ्या राहतो. तिथल्या गार्झे विभागात सेरथार नावाची काउंटी आहे. सेरथार म्हणजे 'सोन्याचा घोडा'.

उंची सुमारे ४,००० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. इथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्केच. थंडीमुळे शेती फारशी पिकत नाही. लोक याक पाळतात. दूध, लोणी, मांस त्याचेच, काळे तंबू त्याच्याच केसांचे आणि चुलीत जळते तेही त्याचेच वाळलेले शेण. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर जातात, हिवाळ्यात खाली येतात.

सांस्कृतिक क्रांतीत तिबेटी विहार उद्ध्वस्त झाले. त्यानंतर १९८० मध्ये खेन्पो जिग्मे फुंत्सोक यांनी इथल्या एका ओसाड दरीत मोजक्या शिष्यांसह लारुंग गार सुरू केले. चेंगदू शहर तिथून ६०० किलोमीटरहून दूर. हे अंतरच सुरुवातीला त्याचे संरक्षण होते, असे आम्हाला वाटते. पुढे डोंगरउतार तांबड्या लाकडी खोल्यांनी भरला आणि हजारो लोक शिकायला आले. त्यांत भिक्खुणींची संख्या मोठी होती. शतकानुशतके पुरुषांकडेच राहिलेले उच्च धम्मशिक्षण इथे स्त्रियांना मिळाले, 'खेन्मो' ही आचार्यपदाची पदवीही मिळाली.

२००१ मध्ये प्रशासनाने खोल्या पाडल्या. जुलै २०१६ मध्ये पुन्हा पाडकाम सुरू झाले. सप्टेंबर २०१७ पर्यंत रहिवासी ५,००० वर आणण्याचा आदेश होता. गर्दी आणि आगीचा धोका ही कारणे सांगितली गेली. पण सुरक्षाच हवी होती, तर हजारोंना बाहेर काढण्याची गरज काय होती?

डिसेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातील मुंडगोडला २० तिबेटी भिक्खुणींना प्रथमच 'गेशेमा' ही सर्वोच्च पदवी मिळाली. तिकडे भिक्खुणींच्या खोल्या पडत होत्या, इकडे आपल्या शेजारच्या राज्यात त्यांचा सन्मान होत होता.

लारुंग गार परदेशी प्रवाशांना बंद आहे. मुंडगोड मात्र हुबळीहून जवळ आहे. पशुपालकांचे जीवन पाहायचे असेल, तर लडाखच्या चांगथांगमध्ये चांगपा समाज आजही कळपांसोबत फिरतो. जाताना लेहला किमान दोन दिवस विश्रांती घ्या. उंचीचा त्रास तरुणांनाही होतो.

तिबेटी परंपरेतील कर्मकांडाशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण स्त्रियांनी धम्म शिकावा, शिकवावा आणि सत्तेने त्यांचे छप्पर काढू नये, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांना परका नाही. तो विचारताना आपल्या विहारात प्रवचनाला किती स्त्रिया उभ्या राहतात, हेही एकदा मोजूया.

जय भीम! नमो बुद्धाय!