सात-दहाचा आवाज

संपादकांना व्हॉइसओव्हरच्या धंद्यावर लेख हवा होता. जाहिरातींना, माहितीपटांना, डब केलेल्या सिनेमांना आवाज देणारी माणसं सध्या काय करताहेत, त्यांच्यात कशाची चर्चा आहे, एवढं त्यांनी सांगितलं. अशा लेखासाठी कुणीही अंधेरीच्या स्टुडिओंकडे निघेल. मला मात्र छत्रपती संभाजीनगरातच थांबावंसं वाटलं. जालना रोडवर मोंढा नाका आणि सेव्हन हिल यांच्या दरम्यान एक सिग्नल आहे, ‘आकाशवाणी’. रिक्षावाल्याला एवढं म्हटलं की पुरतं. चौकाला हे नाव ज्या केंद्रामुळे पडलं तिथे रोज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी एक माणूस मायक्रोफोनसमोर बसून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना त्यांच्याच बातम्या वाचून दाखवतो. या शहरातलं आवाजाचं सगळ्यांत अवघड काम हेच, असं माझं मत आहे. आणि आवाजाच्या धंद्यावर आज जे संकट आहे, ते इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुंबईत दिसत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. निजामी राज्याचा रेडिओ वेगळा, डेक्कन रेडिओ. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ऑल इंडिया रेडिओकडे सहा केंद्रं होती आणि संस्थानांकडे पाच: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुणे, नागपूर, कोल्हापूर या शहरांकडे रेडिओ केंद्र नव्हतं, तेव्हा ते या शहराकडे होतं. इथल्याही फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. रझाकारांच्या काळात डेक्कन रेडिओवरून काय ऐकावं लागलं याच्या आठवणी मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून आजही निघतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी युद्धविरामाची घोषणा निजामाने केली तीही रेडिओवरूनच. मुक्तिसंग्रामाचा शेवट पुष्कळांनी आधी कानांनी ऐकला. संस्थानी केंद्रं १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओत आली. पुढे मराठवाड्यातल्या खेड्यांना परभणीचं मध्यमलहरी केंद्र जास्त जवळचं वाटलं. संभाजीनगरच्या केंद्राचा खरा ठसा उमटला तो प्रादेशिक वृत्तविभागामुळे. इथून मराठी बातम्या निघतात आणि उर्दूही. वली आणि सिराज या दोन्ही ‘औरंगाबादी’ कवींच्या गावातून उर्दू बातमीपत्र निघावं यात मला एक सुंदर सातत्य दिसतं.

वृत्तविभागाच्या बातमीपत्रांची संहिता प्रसिद्ध होते. ती वाचत, शेजारी ध्वनिमुद्रण लावून ऐकत मी बराच वेळ घालवला, आणि या कामाने मला धरून ठेवलं.

पहिली गोष्ट लिखाणाची. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट येते ती कागदी मराठीत: ‘सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना अनुदान वितरित करण्यात येत असल्याचे जिल्हाधिकाऱ्यांनी नमूद केले.’ हे वाक्य छापून चालतं, वाचून दाखवता येत नाही. वृत्तविभागात ते मोडलं जातं. ‘असल्याचे’चं ‘असल्याचं’ होतं, ‘केले’चं ‘केलं’ होतं, लांब वाक्याची दोन होतात. आकडे अंकांत न लिहिता अक्षरांत लिहिले जातात. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे. ७९ आणि ८९ नजरेला सारखेच वाटतात, पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत जीभ कुठे वळवायची ते डोळ्यांनी आधी पाहिलेलं असावं लागतं. जायकवाडीतून गोदावरीत किती हजार घनफूट प्रतिसेकंद पाणी सोडलं जातंय हे वाचताना जीभ अडली, तर पैठणपासून नांदेडपर्यंतचा काठ त्या अडखळण्याचा अर्थ लावत बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने जे हाल केले ते ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धरणाच्या सत्तावीस दरवाजांपैकी किती उघडले, ही बातमी त्या दिवसांत लोक जीव मुठीत धरून ऐकत होते.

दुसरी गोष्ट गावांच्या नावांची. अंतरवाली सराटी, घनसावंगी, औंढा नागनाथ, वडीगोद्री, परंडा, देगलूर, बिलोली, धारूर. दुधना, बिंदुसरा, तेरणा, मन्याड या नद्या. येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी ही धरणं. बाहेरून आलेला निवेदक कितीही तयारीचा असला तरी इथल्या एखाद्या नावावर त्याचा सूर चुकतोच, आणि त्या गावच्या माणसाला ते लगेच कळतं. आपलं नाव कुणी चुकीचं घेतलं की बोलणाऱ्यावरचा विश्वास तिथेच कमी होतो. त्यातच गेल्या काही वर्षांत उस्मानाबादचं धाराशिव झालं, शेजारच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नवं नाव उच्चारायला जुन्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. एका बातमीपत्रात ते किती वेळा येतं याचा विचार केला, तर प्रत्येक बातमीतून काही शब्द कमी करावे लागले असणार हे लक्षात येतं.

कारण खरा मालक घड्याळ आहे. बातमीपत्र पाच मिनिटांचं असो की दहा, ते ठरल्या सेकंदाला सुरू होतं आणि ठरल्या सेकंदाला संपावं लागतं. नंतरचा कार्यक्रम थांबत नाही. मराठी बातम्या साधारण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने वाचल्या जातात, त्यामुळे दहा मिनिटांत काय मावेल याचा हिशेब आधी केलेला असतो. पण वाचताना श्वास आहे, जोडाक्षरं आहेत, आयत्या वेळी हातात येणारी बातमी आहे. म्हणून जुने निवेदक कागदावर तिरप्या रेघा ओढतात: एक रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे श्वास. वाचलेलं पान उलटायचं नाही, आवाज न करता बाजूला सरकवायचं. शेवटी ‘ठळक बातम्या पुन्हा एकदा’ हा जो भाग येतो, त्याने श्रोत्यांना उजळणी होते आणि निवेदकाला वेळ जुळवता येते. वेळ उरला तर मथळे सावकाश, कमी पडला तर दोन मथळे गाळायचे. ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवता कामा नये. गाणाऱ्याने समेवर यावं तसा निवेदक अखेरच्या ‘नमस्कार’वर येतो, आणि ते बरोबर साधलेलं ऐकताना मला खरोखर आनंद होतो.

तिसरी गोष्ट मात्र लिपीत नाहीच. मराठीत ‘ज’ दोन आहेत, ‘जय’मधला आणि ‘जवळ’मधला. लिहायला अक्षर एकच. ‘जात प्रमाणपत्रं दिली जात आहेत’ या वाक्यात पहिली ‘जात’ वेगळी उच्चारायची, दुसरी वेगळी. ‘च’ आणि ‘झ’ यांचंही तेच. जात प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेण्याचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला, त्याच्या आधी आणि नंतर असं वाक्य मराठवाड्याच्या बातम्यांत कितीदा आलं असेल. कुठलाही मराठी माणूस ते न चुकता वाचतो, कारण त्याला वाक्याचा अर्थ कळलेला असतो. मी ऐकलेल्या यंत्रांच्या मराठीत मात्र नेमका इथेच घोळ होतो. यंत्र सुधारेल, आणि लवकर सुधारेल, याबद्दल मला शंका नाही. माझी काळजी वेगळी आहे.

ती काळजी या आवाजांच्या पोटापाण्याची आहे. बातमीपत्र वाचणारी पुष्कळ माणसं आकाशवाणीच्या नोकरीत नसतात. त्यांना ‘कॅज्युअल’ म्हणतात: आवाजाची चाचणी देऊन यादीत आलेली, ड्युटी लागेल त्या दिवसाचे पैसे मिळणारी. निवेदकांच्या बाबतीत महिन्याला सहा ड्युट्यांची मर्यादा देशभर वादाचा विषय राहिली आहे. पेन्शन नाही, रजा नाही, आजारपणात घसा बसला तर त्या दिवसाचं मानधन गेलं. उरलेल्या दिवसांत हीच माणसं शिकवतात, सूत्रसंचालन करतात, सरकारी खात्यांच्या माहितीपटांना आवाज देतात, दुकानांच्या जाहिराती वाचतात. खासगी एफएमवर त्यांना बातम्या वाचता येत नाहीत, कारण आपल्या देशात खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. ती अमलात आली तर संभाजीनगरसारख्या शहरांत वृत्तनिवेदकांना दुसरं दार उघडेल. मला हा बदल मनापासून हवा आहे.

जून २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. प्रसार भारतीने आकाशवाणी पुण्याचा वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा आदेश काढला. पुण्यात मोठा विरोध झाला. सुधा नरवणे यांच्यासारख्या निवेदिकांचा आवाज ऐकत वाढलेलं ते शहर होतं. तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. आपल्याकडे काहींना ही आपल्या केंद्राला मिळालेली संधी वाटली. मला तसं वाटलं नाही. पुण्याच्या बातम्या संभाजीनगरहून वाचता येतात असं एकदा मान्य केलं, की मराठवाड्याच्या बातम्या मुंबईहून आणि मुंबईच्या बातम्या दिल्लीहून वाचायला कुणाची हरकत उरणार? मुळशी आणि भोरची नावं जशी पुण्याच्या जिभेला सवयीची, तशी घनसावंगी आणि औंढा इथल्या.

आणि आता तर माणूसही लागणार नाही असं सांगितलं जातंय. दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर २६ मे २०२४ पासून क्रिश आणि भूमी हे दोन कृत्रिम निवेदक आले, पन्नास भाषांत बोलू शकणारे, न थकणारे. सार्वजनिक प्रसारणात हा पायंडा पडला. शहरातल्या रस्त्यांवर तो आधीच पडला आहे. रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिराती, शिकवणी वर्गांच्या घोषणा, प्रचाराची ध्वनिमुद्रणं ही इथल्या छोट्या स्टुडिओंची आणि होतकरू आवाजांची कमाई होती. त्यांतल्या किती तरी जाहिरातींत आता यंत्राचा आवाज ओळखू येतो: शब्द सगळे स्पष्ट, पण जोर भलत्याच शब्दावर. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी ही छोटी कामं म्हणजे पहिली कमाई आणि पहिला रियाज असायचा. हात बसायचा तो तिथेच. पहिली पायरीच काढून घेतली, तर दहा वर्षांनी सात-दहाचं बातमीपत्र वाचायला तयार आवाज कुठून येणार?

त्याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. न्यूयॉर्कमधले पॉल स्काय लेहरमन आणि लिनिया सेज हे दोघं आवाजाचे कलाकार एके दिवशी गाडीत पॉडकास्ट ऐकत होते. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि बोलणाऱ्या यंत्राचा आवाज लेहरमन यांचा स्वतःचा वाटत होता. दोघांनी पूर्वी इंटरनेटवरून आलेल्या किरकोळ कामांसाठी ध्वनिमुद्रणं विकली होती. लेहरमन यांना १२०० डॉलर मिळाले होते, सेज यांना ४००. मे २०२४ मध्ये त्यांनी लोवो या कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाची यंत्रांनी केलेली नक्कल रोखणारा अंतरिम दिलासा दिला. हे आदेश मोलाचे आहेत. पण हा दिलासा नामवंतांना मिळाला, ज्यांचा आवाज देश ओळखतो. जालना रोडवरच्या केंद्रात सकाळी सात-दहाला वाचणाऱ्या माणसाचा आवाज मराठवाडा ओळखतो, पण नाव किती जणांना सांगता येईल? वकील लावून उच्च न्यायालयात जाण्याइतकं मानधन तर त्याला मिळतच नाही.

आणि त्याचा आवाज मात्र उघड्यावर आहे. बातमीपत्राच्या शेवटी निवेदक सांगतो की हे बातमीपत्र आमच्या यू-ट्यूब चॅनलवर पुन्हा कधीही ऐकता येईल. श्रोत्यांसाठी ही उत्तम सोय आहे. मलाही या लेखासाठी तिचाच उपयोग झाला. पण वर्षानुवर्षांची स्वच्छ, गोंगाट नसलेली, शेजारी अक्षरशः संहिता असलेली मराठी ध्वनिमुद्रणं म्हणजे यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी हवा तसा कच्चा माल. एखाद्या निवेदकाचा आवाज त्यातून उचलला गेला, तर रोजंदारीच्या करारात त्याला हरकत घेता येईल असं काही लिहिलेलं हवं. प्रसार भारतीने ही अट स्वतःहून घालावी: वाचलेलं बातमीपत्र प्रसारणासाठी आहे, त्यातून आवाजाची प्रतिकृती करायची असेल तर निवेदकाची वेगळी लेखी संमती आणि वेगळं मानधन. अमेरिकेत व्हिडिओ गेमना आवाज देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला तो याच मागणीसाठी, आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. इथले कॅज्युअल निवेदक संप करू शकत नाहीत. एकाने ड्युटी नाकारली तर यादीतल्या पुढच्याला फोन जातो. म्हणून ही अट त्यांच्या वतीने आपण श्रोत्यांनीच मागायला हवी, आणि ती पुढच्या नेमणुकांची यादी निघण्याआधी मागायला हवी.