शेवया, शिरवाळे आणि नूडल्स

सुट्टीच्या दुपारी स्वयंपाकाचा कंटाळा आला की नूडल्स आठवतात. नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या वस्तीत 'चायनीज' हा शब्द मुलांच्या तोंडी सहज बसलेला असतो. पण पिठाचे दोरे करून शिजवणे आपल्याला खरेच नवे आहे का? गव्हाच्या शेवया आपल्याकडे घरोघरी होत आल्या आहेत. कोकणात तांदळाचे शिरवाळे गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. मलेशियातला 'पुटु मायम' हा पदार्थही तांदळाच्या पिठाचा, साच्यातून पाडलेला असतो. तो खवलेला नारळ आणि साखर किंवा गुळाबरोबर खातात.

येथे एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. गव्हाची शेवई कच्च्या पिठाची वळता येते, मग शिरवाळ्यांसाठी तांदळाचे उंडे आधी शिजवून गरम असतानाच का दाबावे लागतात?

उत्तर वर्गात मिळवता येईल. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा. मग पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. त्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, म्हणजे ते पिष्ट आहे. पाणी बदलत राहिलात, तर हातात रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरेल. हे ग्लूटेन, गव्हातल्या प्रथिनांचे जाळे. तांदळाच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर तो विखरून जातो, कारण त्यात ग्लूटेन नसते. तेथे दोरा धरून ठेवण्याचे काम पिष्टालाच करावे लागते. साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व चिकट होतात. म्हणून उंडे आधी शिजवायचे.

आता दुपारचे जेवण. चौघांसाठी 250 ग्रॅम नूडल्स भरपूर उकळत्या पाण्यात शिजवा, निथळा आणि गार पाण्याने धुवा. वर सुटलेले पिष्ट निघून गेल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. थोड्या तेलात लसूण परता, त्यात चिरलेला कोबी व गाजर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे हलवा. तीन चमचे शेंगदाण्याचे कूट, दोन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा गूळ, दोन चमचे सोया सॉस व अर्धी वाटी गरम पाणी एकत्र करून ओता, नूडल्स घाला आणि वाफ आली की उतरवा. सॉस खारट असतो, तेव्हा मीठ चव घेऊनच घालावे. चिंच, गोडी आणि शेंगदाणे हे त्रिकूट थायलंडच्या 'पाद थाय' नूडल्समध्येही असते. आपल्या चिंच-गुळाच्या आमटीशी त्याचे नाते कोणाच्याही जिभेला कळेल.

उरलेल्या नूडल्सविषयी मात्र कंटाळा करून चालणार नाही. 'बॅसिलस सेरिअस' हा जीवाणू मातीत व धान्यावर सर्रास आढळतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात किंवा नूडल्स उबेत राहिले की ते रुजतात, जीवाणू वाढतात आणि काही प्रकार उलटी घडवणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. बेल्जियममध्ये 2008 साली 20 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात उघड्या तापमानाला राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली. त्याच रात्री तो दगावला. उरलेल्या अन्नात हाच जीवाणू मोठ्या संख्येने आढळला. अशी घटना विरळा खरी, पण साध्या उलट्यांचा त्रास विरळा नाही.

आपल्याकडची दमट उकाड्याची हवा या जीवाणूला मानवतेच. म्हणून उरलेले नूडल्स पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावेत व दुसऱ्या दिवशी संपवावेत. रात्री ओट्यावर राहिलेले नूडल्स सकाळी परतून मुलांच्या डब्यात देऊ नयेत. वास चांगला येतो म्हणजे अन्न चांगले, ही कसोटी येथे लागू पडत नाही. 'पुन्हा उकळले की सगळे जंतू मरतात' हे वाक्य वर्गात आले, तर जंतू आणि त्यांचे विष यांतला फरक समजावण्याची ती उत्तम संधी आहे.