गृहीत धरलेले राज्य
(लेखांक ७)

जागतिक संवादमाध्यमांवरील इंग्रजी संभाषणात ‘सरकार’, ‘निवडणूक’, ‘सुट्टी’ असे शब्द देशाचे नाव न घेता आले की ते बहुधा अमेरिकेचे असतात, हे मागील लेखांकात पाहिले. स्वतःचे ठिकाण सांगण्याची गरज न वाटणे आणि इतरांनी मात्र ते सांगावे अशी अपेक्षा ठेवणे, या वृत्तीला प्रस्तुत लेखमालेत ‘केंद्रगृहीत’ म्हटले आहे. ती एकट्या अमेरिकनांची मिरासदारी नाही, हे बेळगाव-निपाणी सीमाभागाकडे पाहिले की ध्यानात येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्यानुसार मुंबई राज्यातील हा भाग तत्कालीन म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. कर्नाटकात हा दिवस राज्योत्सवाचा असतो, तर सीमाभागातील अनेक मराठी भाषक तो काळा दिन म्हणून पाळतात. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याची रीत असल्याने तेथे ही तारीख ११/१ अशी होते, जी बेळगावचा वाचक ११ जानेवारी अशी वाचील. सीमाभागात १७ जानेवारीला पाळला जाणारा हुतात्मा दिन तेवढा या घोटाळ्यातून सुटतो, कारण सतरावा महिना कोणत्याच देशात नाही.

मराठी संभाषणात अमेरिकेची ही जागा पुणे-मुंबईकडे असते. ‘आपले मुख्यमंत्री’ किंवा ‘बारावीचा निकाल’ असे लिहिणारा माणूस मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला महाराष्ट्राचाच रहिवासी धरून चालतो. वस्तुतः निपाणी कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असली, तरी तेथील दहावीचा विद्यार्थी कर्नाटकाची एसएसएलसी देतो आणि पुढे बारावीला नव्हे, तर पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला बसतो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा १५०० रुपये देण्यास आरंभ केला, तेव्हा ‘तुमचा हप्ता जमा झाला का’ हा प्रश्न निपाणीच्या बाईला लागू नव्हता. तिच्यासाठी कर्नाटकाची ‘गृहलक्ष्मी’ योजना २०२३ पासूनच होती आणि तिची रक्कम दरमहा २००० रुपये होती. सीमाप्रश्नावरील आस्थेच्या चर्चाही यातून सुटत नाहीत. त्यांत ‘बेळगाव’ म्हणजे सगळा सीमाभाग असे धरले जाते; महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने मात्र १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, अशी भिन्न शिफारस केली होती. महाराष्ट्राला ती मान्य झाली नाही आणि २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, हा इतिहास सीमाभागातल्या वाचकाला पाठ असतो. पुण्यातल्या सहानुभूतिदाराला तो दरवेळी नव्याने सांगावा लागतो.

दुसरे केंद्र बंगळूरचे आहे, आणि त्याचे गृहीत अधिक बोचणारे आहे. मराठी नावाच्या माणसाला तेथे ‘कर्नाटकात कधी आलात’ असे सहज विचारले जाते. मराठी म्हणजे बाहेरून आलेला, हे त्यामागचे गृहीत असते. सीमाभागातल्या खानापूर किंवा निपाणीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर वर्ष सांगून देता येत नाही, कारण ते कुटुंब कोठूनही आलेले नसते. १९५६ मध्ये राज्य त्याच्या दारापर्यंत आले.