नसेचा वेग मोजताना

आणे पठारावरून पुण्याला तपासणीसाठी निघायचं म्हणजे घाट उतरून आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत जायचं. अख्खा दिवस मोडतो. चिठ्ठीवर ‘एनसीव्ही-ईएमजी’ (नसेचा वेग आणि स्नायूची तपासणी) एवढंच लिहिलेलं असतं आणि घरात चर्चा ‘करंट देतात’ याचीच.

करंट देतात, पण सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता किंवा त्याहूनही कमी वेळ. हाताची मिडियन नस तपासताना मनगटाशी झटका दिला की अंगठा आपोआप उडतो आणि अंगठ्याच्या मुळाशी चिकटवलेला इलेक्ट्रोड त्या स्नायूतला विद्युत संकेत पडद्यावर लाटेच्या रूपात उमटवतो. मग तोच झटका कोपराशी. झटक्यापासून लाट उमटेपर्यंतच्या या दोन वेळांतला फरक ४ मिलिसेकंद आणि मधलं अंतर २२ सेंटीमीटर असेल, तर वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. निरोगी हातात तो साधारण ५०च्या वर असतो, पायात ४०च्या वर. हात गार असला तरी वेग कमी दिसतो, म्हणून थंडीत आधी हात शेकून ऊबदार करावा लागतो. ही काळजी न घेता काढलेला रिपोर्ट भरवशाचा नाही.

वेग फार मंदावला तर नसेवरचं मायलिनचं आवरण बिघडलेलं असतं. वेग ठीक पण लाट बुटकी, तर बहुधा आतला तंतूच. पंपाच्या केबलचं रबर सोललंय की आतली तार तुटलीय, तसाच हा फरक. आवरण त्यामानाने लवकर भरून येतं. तंतू मात्र दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो.

ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालतात. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. नस तुटलेल्या स्नायूतून स्पीकरवर बारीक टकटक ऐकू येते, तीही दोन-तीन आठवड्यांनी.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हा या तपासणीचं मोल आणि मर्यादा दोन्ही दिसण्यासारख्या होत्या. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब लावणारा जिवाणू सापडला. या आजारात आवरण बिघडलंय की तंतू, हे एनसीव्ही सांगते. पण पहिल्या आठवड्यात रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. निदान आधी डॉक्टरांच्या तपासणीतूनच होतं.

म्हणून जुलाबानंतर काही दिवसांत पाय लुळे पडू लागले, अशक्तपणा वर चढू लागला, तर एनसीव्हीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा.