बॅगेत मावणारी रायफल

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास बंदच केली. जर्मनीत मात्र रीतसर परीक्षा देऊन शिकारीचं लायसन्स मिळतं. म्युनिकला जॉब करताना माझ्या एका कलीगने मला त्याची ब्लाझर आर-८ सुटी करून दाखवली. २००८ साली आलेलं हे मॉडेल प्रवासाला एकदम सुटसुटीत!

आधी मॅगझिन बाहेर. ट्रिगरही त्याच्यासोबतच निघतो. मग बोल्ट मागे घेऊन चेंबर रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. पुढच्या लाकडाखालचे दोन स्क्रू चावीने सैल केले, की नळी अलग! विमानप्रवासात कुलूपबंद केस चेक-इनमध्येच, तीही काउंटरवर आधी सांगून.

खरी गोम पुढे आहे. इथे दुर्बीण नळीवरच बसते, म्हणून पुन्हा जोडल्यावर नेम फारसा हलत नाही. दुर्बीण बॉडीवर असेल तर तो सरकू शकतो. तरी मुक्कामी पोचल्यावर माझा कलीग आधी शंभर मीटरवरच्या कागदावर गोळी झाडतो. कारण नेम चुकला, तर हरिण जखमी होऊन तडफडतं. त्याचा हा नियम मला रायफलीपेक्षा जास्त भावला.